तंगवेलूचं पान

माझी थोरली मुलगी वळ्ळी लग्न होऊन ज्या वर्षी पेनांगला गेली, त्या वर्षीच्या पोंगलची ही गोष्ट.

पोंगलच्या आदल्या दिवशी आम्ही मलाक्काचे चेट्टी आमच्या मेलेल्या माणसांना जेवू घालतो. समोरच्या खोलीत ज्याच्या त्याच्या नावाचं केळीचं पान वाढायचं, दार ओढून घ्यायचं आणि सगळ्यांनी मागच्या अंगणात जाऊन थांबायचं. परत आत शिरण्यापूर्वी दारावर टकटक करायची, म्हणजे जेवणाऱ्यांना उठायला वेळ मिळतो.

माझा धाकटा भाऊ तंगवेलू जहाजावर होता. बोर्निओजवळ ते जहाज बुडालं. त्याचा पत्ता लागला नाही. आईने पुष्कळ वाट पाहिली आणि मग त्याचंही पान वाढायला सुरुवात केली. चिंचेच्या रश्शातली मासळी त्याला आवडायची, ती त्या पानावर न चुकता असे.

त्या दुपारी मी टकटक करून दार उघडलं, तर तंगवेलू आपल्या पानावर बसून जेवत होता.

"रस्त्याकडचं दार उघडंच होतं, ताई," तोंडात घास असतानाच तो म्हणाला. "माझ्या आवडीचं वाढून ठेवलंय आणि घरात माणूस एक नाही!"

आई हसत-रडत त्याच्या पाठीत धपाटे घालू लागली. "मेल्या, जिवंत होतास तर दोन ओळी लिहायला हात झडले होते का?"

त्याची सावली पडते का, ते माझ्या नवऱ्याने, नटेसनने, हळूच पाहून घेतलं. पडत होती.

तंगवेलूने सिंगापुरात बिऱ्हाड केलं होतं. बायकोचे दिवस भरले होते आणि तिच्याजवळ दुसरं कुणी नव्हतं. संध्याकाळच्या बसने त्याला परत जायचंच होतं.

तो निघाला आणि थोड्याच वेळात पुन्हा दारात उभा राहिला. "पूल ओलांडला, लाल चर्चला वळसा घातला, आणि पुढे आपलीच गल्ली आली," तो म्हणाला.

"वा रे खलाशी! दर्या फिरून आलास आणि गावात हरवलास," नटेसन म्हणाला. त्याने मेहुण्याला सायकलवर मागे बसवून नेलं. बसच्या थांब्यावर पोचून त्याने वळून पाहिलं, तर मागे कुणी नव्हतं.

तंगवेलू आमच्या पायरीवर बसला होता. आता तो हसत नव्हता.

पहाटे पोर्तुगीज वस्तीतला पियो कोळी त्याला होडीतून न्यायला तयार झाला. उन्हं वर आल्यावर पियो एकटाच आमच्याकडे आला. उंबऱ्याच्या आत पाऊल टाकेना.

"तो पुढच्या फळीवर बसला होता, ताई. नदीच्या मुखाशी होडी एकदम हलकी झाली. पाण्यात काही पडल्याचा आवाज नाही. इथे आला का तो?"

तो समोरच्या खोलीत होता. कपडे कोरडे होते. सकाळपासून त्याने घास घेतला नव्हता. ताटातला भात मातीसारखा लागतो म्हणत होता.

"ताई, मला इथून बाहेर काढ. ती एकटी आहे गं."

आई त्याच्याकडे बराच वेळ पाहत राहिली. "पान मीच वाढलं होतं," ती म्हणाली. "आज पुन्हा पानं वाढा. त्याचं नको. त्याच्या जागी माझं."

"आई, काहीतरीच काय बोलतेस! जिवंत माणसाचं पान..."

"वाढ म्हणते ना. आणि मासळीत मीठ बेताने घाल. काल खारट झाली होती."

तिने ठेवणीतला सारोंग नेसला. तंगवेलूच्या डोक्यावरून हात फिरवला, आत गेली आणि दार स्वतःच ओढून घेतलं.

तंगवेलू रस्त्याला लागला. आम्ही अंगणात जाऊन थांबलो.

तो परत आला नाही.

बसची वेळ झाली. तरी आला नाही.

दाराकडे मात्र कुणी जाईना.

शेवटी मी टकटक केली. आत पुष्कळ माणसं एकदम उठल्यासारखी सळसळ झाली. ती थांबल्यावर मी दार उघडलं.

आई भिंतीला टेकून बसली होती.

मेलेल्यांचं जेवण पानावर जसंच्या तसं राहतं; मग आम्हीच ते वाटून खातो. त्या दिवशी सगळी पानं रिकामी होती. पोटभर जेवून उठणारा दुमडतो, तशी दुमडलेली. आईचंसुद्धा.

तंगवेलू वेळेत पोचला. त्याच रात्री त्याला मुलगी झाली. आमची आई सिवगामी त्या पोंगलला वारली.