निळा दोर

माहाजंगाहून मोरोनीला लाकडी बोटीनं दोन रात्री आणि अर्धा दिवस लागतो. एकतीस वर्षं त्या वाटेवर मी सुकाणू धरलं. मोरोनीचं बेट आधी दिसतच नाही. दिसतो एक ढग, जो जागचा हलत नाही. त्याच्याखाली कार्थाला, ज्वालामुखीचा डोंगर. मग वाऱ्यावर लांगीलांगीच्या फुलांचा वास येतो, मग किनारा. दक्षिणेचं टोक वळलं की खडकाचा काळा पट्टा समुद्रात उतरलेला दिसतो. तो उजव्या हाताला ठेवून उत्तरेला जायचं. डोंगर फुटला त्या वर्षी हाम्बाजू गाव त्या पट्ट्याखाली गेलं.

त्या खेपेला कांद्याच्या गोणी, अकरा बकऱ्या आणि बावीस प्रवासी होते. यादी मी लिहिली. अक्षरं मला चाळिशीनंतर आली, म्हणून हळू लिहायचो. शेवटचं नाव म्वानाएशा. वय ऐंशीच्या पुढं. सगळे तिला कोको म्हणायला लागले होते. आजीला दुसरं काय म्हणणार?

"गाव, कोको?"

"हाम्बाजू."

मी थांबलो. "ते आता नाही ना."

"मला सांगतोस? माझ्या आईचं घर आहे तिथं. लिही."

आमचा नाखवा बकारी हसला. "तिथं राहून काय करणार, कोको? दगडावर भात शिजवणार?"

"तुझ्यापेक्षा बरा शिजवीन. काल तुझा भात बकरीनंसुद्धा सोडला."

सगळी बोट हसली.

दुसऱ्या दिवशी ती सुकाणूपाशी येऊन बसली. नाव विचारलं. म्होमा, मी सांगितलं. तिला उठवायला आणि बसवायला दोन माणसं लागत. आमच्याकडे घर बाईचं असतं, नवरा तिच्याकडे राहायला येतो. पण ही आईशी भांडून नवऱ्यामागं माहाजंगाला गेली होती. निघताना आईचे हात धरून रजा मागायची असते. तिनं मागितली नाही. चार महिन्यांनी डोंगर फुटला.

"सगळं गाव निघालं. आई नाही निघाली," ती म्हणाली. "म्हणे, पोरगी आली तर दार कोण उघडेल?"

मी सुकाणू थोडं वळवलं.

"छातीत पाणी झालंय माझ्या. दगड तर दगड. त्यावर बसून मागेन. रजा न घेता निघालेय मी, म्होमा. तशीच मेले तर कुठं पोहोचेन?"

बकारीनं ऐकलं होतं. "तिथं होडी लागत नाही, कोको. लाटा फोडून काढतील. मोरोनीहून गाडीनं जा."

तिनं मान डोलावली. पण तिसऱ्या सकाळी तिचे ओठ निळे पडले होते आणि श्वास मोजून येत होता. मोरोनी अजून चार तासांवर होतं.

दक्षिणेचं टोक वळलो तेव्हा वारा पडला. फुलांचा वास आला. त्यामागून ओल्या लाकडाच्या धुराचा आणि नारळाच्या दुधात शिजणाऱ्या भाताचा. मी काळा पट्टा शोधत होतो.

पट्टा नव्हता.

"म्होमा, कुठं आणलंस?" बकारीनं विचारलं.

कंपास बरोबर होता. डोंगर जागेवर होता. पण पुढं पांढरी वाळू होती, तिच्यावर ओढून ठेवलेल्या होड्या, नारळ, चुन्यानं रंगवलेली मशीद. दारादारांत बायका उभ्या होत्या, तोंडाला चंदनाचा पिवळा लेप लावून. लाट वाळूवर येऊन फुटत होती आणि तिचा आवाज येत नव्हता. बकऱ्या एकाच बाजूला तोंड करून उभ्या होत्या. प्रवाशांपैकी कुणी मोबाइल काढला नाही. एका म्हाताऱ्यानं नुसती टोपी काढून छातीशी धरली.

कोको उठली. एकटी उठली.

बकारीनं स्वतः इंजिन बंद केलं. "होडी सोड," तो हळूच म्हणाला.

उलांडीच्या, बाजूला आधाराचं लाकूड बांधलेल्या होडीतून मी तिला नेलं. खाली तळाची वाळू दिसत होती. दोन मुली गुडघाभर पाण्यात आल्या. मी दोर फेकला. माहाजंगाला त्याच आठवड्यात घेतलेला निळा नायलॉनचा दोर. त्यांनी तो नारळाच्या बुंध्याला बांधला.

"तू उतरू नकोस," कोको म्हणाली. "तुला बोलावलेलं नाही."

एका उघड्या दारात एक बाई उभी होती. केस काळे. चाळिशीची असेल. कोको तिच्यापाशी गेली, वाकली आणि तिचे दोन्ही हात धरले.

आई लेकीहून तरुण होती.

काय बोलल्या ते ऐकू आलं नाही. त्या बाईनं कोकोच्या डोक्यावर हात ठेवला. दोघी आत गेल्या.

दार लागलं.

मी दोर सोडवायला ओढला. तो आला नाही.

वर पाहिलं.

काळा खडक. सरळ भिंतीसारखा. लाटांचा आवाज एकदम कानावर आदळला.

दोर खडकात गेला होता. फट नव्हती. भाकरीत केस भाजला जावा तसा तो दगडात बसला होता. होडी आपटायच्या आत मी सुरीनं तो कापला.

मोरोनीच्या धक्क्यावर प्रवासी मोजले गेले. एकवीस. "ही म्वानाएशा?" अधिकाऱ्यानं विचारलं. बकारी माझ्याकडे बघत राहिला. मी पेन घेतलं आणि नावापुढं लिहिलं: पोहोचली.

ओहोटीला समुद्र शांत असला की मी अजून तिथं जातो. पहिल्यांदा गेलो तेव्हा दगडातून बाहेर तीन हात दोर लोंबत होता. गेल्या रमजानात पाहिला, तेव्हा वीतभरच बाहेर उरला होता. टोक मात्र मी कापलं होतं तसंच आहे, तिरकं.