निरोपाचा जाळ

ही गोष्ट खरी आहे. ऐकीव काहीही सांगणार नाही. जे मी पाहिलं आणि जे माझ्यासमोर बोललं गेलं, तेवढंच लिहिते.

तीन वर्षांपूर्वीची सोळा जुलैची संध्याकाळ. ठिकाण योकोहामा, बंदराचा किनारा.

आई त्याच वर्षी मार्चमध्ये गेली. बाबा ओसाकाच्या घरी एकटे पडले. मी तिथेच जवळ राहते, पण नोकरी सांभाळून किती लक्ष देणार? म्हणून थोडे दिवस त्यांना घेऊन मी योकोहामाला मोठ्या बहिणीकडे, मिनाकोताईकडे गेले.

गेलो तेव्हा ताईकडे ओबोन चालू होता. पितर घरी येतात ते दिवस. ओसाकाला आम्ही ते ऑगस्टमध्ये पाळतो. ताईच्या सासरी जुलैत पाळतात. तेरा तारखेला दारात काड्यांचा छोटा जाळ करून त्यांना बोलवायचं आणि सोळाला, अंधार पडायच्या आत, तसाच जाळ करून निरोप द्यायचा.

ताईने तेराला जाळ केला होता. वारलेल्या सासू-सासऱ्यांना बोलावलं होतं. आणि आईलाही.

नाव घेऊन.

बाबांनी देवघरापुढे मांडलेला काकडीचा घोडा आणि वांग्याची गाय पाहिली. पितर घोड्यावरून लवकर येतात, गाईवरून सावकाश जातात म्हणे. ओसाकाला आमच्याकडे ही पद्धत नाही.

"हे काय, भाजी मांडून बसलीस?" बाबा म्हणाले.

"असतं आमच्याकडे."

"तुम्हा योकोहामावाल्यांना सगळ्यात घाई. पितरांनाही महिनाभर आधी बोलावता."

"आई आली असेल बाबा. तिला हसू नका."

"तुझी आई? तिचं घर ओसाकाला. ऑगस्ट लागल्याशिवाय ती जागची हलायची नाही. तुमच्या मेळाव्यात तिला ओढू नकोस."

ताईने वांग्याची गाय नीट उभी केली. बाबांशी वाद घालून कुणाचं भलं झालेलं नाही.

सोळाला दुपारी बाबाच म्हणाले, "बंदर दाखवा. फुमिएला दाखवीन म्हणत राहिलो. निदान मी तरी बघतो."

फुमिए म्हणजे आई. तिचे गुडघे गेले होते. शेवटची सात-आठ वर्षं ती काठीशिवाय उठत नसे. काठीला तिने लहानशी घंटा बांधली होती, कुठे ठेवली ते सापडावं म्हणून. ती काठी ओसाकाच्या घरी, दाराच्या कोपऱ्यात आहे. निघताना मी स्वतः पाहिली होती.

ताई म्हणाली, "जाऊ या. पण सहाच्या आत परत. निरोपाचा जाळ करायचाय."

"जी आलीच नाही तिला निरोप कसला देतेस?" बाबा म्हणाले.

आम्ही चिनी बाजारातून चालत निघालो. बाबांनी वाफेवरचा पाव घेतला. अर्धा खाल्ला आणि अर्धा कागदात गुंडाळून हातातच धरला.

पुढे यामाशिता पार्क. रविवार होता, चिक्कार गर्दी. नांगरलेल्या जुन्या जहाजाच्या साखळीवर सीगल ओळीने बसले होते. बाबा खूश दिसत होते. फक्त... फार हळू चालत होते.

बाबा हळू चालणारे नव्हेत. आई नेहमी त्यांच्या दहा पावलं मागे असायची, आणि त्यावरून आयुष्यभर भांडणं झाली.

त्या दिवशी ते चार पावलं टाकायचे आणि थांबायचे. मागे न बघता थांबायचे. मग पुन्हा चालायचे.

"दमलात का?" मी विचारलं.

"मी कशाला दमतोय."

कठड्याजवळच्या बाकावर बसलो. बाबा बसले आणि लगेच सरकले. उजवीकडे एका माणसाची जागा सोडली. मी तिथे बसायला गेले.

"तू तिकडे बस," ते म्हणाले. सहज म्हणाले.

त्याच वेळी मला तो आवाज आला. अगदी बारीक...

टिण.

कुणाच्या तरी पिशवीला घंटा असेल. अशा घंटा आपल्याकडे शंभर जणांच्या पिशव्यांना असतात. मी तसंच धरून चालले. ताईकडे पाहिलं तर ती बाबांच्या हाताकडे बघत होती.

कागदातला अर्धा पाव संपला होता. बाबांचं तोंड हलत नव्हतं.

"घरी जाऊ या," ताई म्हणाली.

स्टेशनाकडे जाणारी छोटी बोट धक्क्याला लागत होती. ती सगळ्यात लवकर पोचवेल म्हणून ताईने तिकिटं काढली आणि ज्याचं त्याच्या हातात दिलं. मी बाबांसाठी थंड चहा आणायला वळले. ताई पर्समध्ये फोन शोधत होती. आम्ही दोघींनी मिळून अर्धं मिनिटसुद्धा नजर काढली नसेल.

वळून पाहिलं तर बाबा बोटीवर चढत होते.

खलाशी तरुण पोरगा होता. त्याने हात देऊन बाबांना वर घेतलं. मग... पुन्हा हात पुढे केला.

फळीवर कुणी नव्हतं.

त्याने तो हात तसाच धरून ठेवला. बराच वेळ. कुणी जड पावलांनी चढताना धरावा, तसा. मग "सावकाश, सावकाश" म्हणाला आणि साखळी लावली.

मी धावले. "थांबा, ते आमचे वडील आहेत."

"बोट भरली हो. पुढची अर्ध्या तासाने आहे."

"ते एकटे आहेत."

त्याने माझ्याकडे जरा नवलाने पाहिलं. "एकटे कुठे? दोघं नीट पोचतील. काळजी करू नका."

बोट सुटली.

आम्ही कठड्याला धरून उभ्या होतो. बाबा मागच्या बाकावर बसले होते. गर्दीत लोक उभे होते, पण त्यांच्या शेजारची जागा रिकामी होती. तिथे कुणी बसत नव्हतं. बाबा त्या रिकाम्या जागेकडे वळून बोटाने काही दाखवत होते. मोठा आकाशपाळणा, लाल विटांची गोदामं... आणि हसत होते. आई गेल्यापासून मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं.

ताईने फोन लावला. बाबांनी खिशातून फोन काढला, पाहिला आणि परत ठेवून दिला.

"सातोमी," ताई मला म्हणाली, "मी तिला बोलावलं. ती आली."

टॅक्सीने आम्ही स्टेशनच्या धक्क्यावर पोचलो. वाटेत रस्ता तुंबला होता. दिवे लागायला आले होते. बोट आधीच आली होती आणि बाबा धक्क्यावर शांत उभे होते. ताईने त्यांचा दंड घट्ट धरला.

खलाशी मागून म्हणाला, "आजींचे गुडघे फार दुखतात वाटतं. पायऱ्यांवर सांभाळा."

आम्ही मागे वळून पाहिलं नाही.

घरी पोचलो तेव्हा उजेड जवळजवळ गेला होता. भावोजी कामासाठी परगावी होते. ताईने चपलाही काढल्या नाहीत. मातीची ताटली दारात ठेवली, तिच्यात वाळक्या काड्या रचल्या आणि काडेपेटी घेतली.

बाबा आत गेले नव्हते. ते दारातच बसून बुटांच्या नाड्या घट्ट करत होते.

"बाबा, आत चला."

"लाव, मिनाको. उशीर झालाय. तिला अंधारात चालवत नाही. मी सोबत जातो."

ताईच्या हातात पेटलेली काडी होती. ती बोटांपर्यंत जळत आली. तिने ती खाली टाकली आणि चपलेखाली चिरडली.

जाळ झाला नाही.

बाबा तेव्हापासून ताईकडेच आहेत, आणि ताईने निरोपाचा जाळ एकदाही केलेला नाही. ओसाकाला यायचं नाव काढत नाहीत. ताटातलं अर्धं खातात, अर्धं ठेवतात. वजन निम्मं झालंय. डॉक्टरांना काही सापडत नाही.

त्या ऑगस्टमध्ये मी ओसाकाच्या घरी जाळ करून आईला बोलावलं. कुणी आलं नाही. घर रिकामं असलं की कळतं.

आमच्या देवळातल्या भिक्षूंना मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "बोलावलेल्या पाहुण्याला निरोप द्यावाच लागतो. जाळ करा."

"आणि बाबा?"

त्यांनी माझ्या कपात चहा ओतला.

यंदाच्या सोळा जुलैला, संध्याकाळी, ताईचा फोन आला.

"सकाळपासून बूट घालून दारात बसलेत गं. काड्या त्यांनीच रचल्या. आज तरी लाव म्हणतात. हात जोडले त्यांनी माझ्यापुढे." ती थांबली. "सातोमी, लावू?"

मी लाव म्हणाले तर बाबा जातील. नको म्हणाले तर असेच झिजत राहतील. मी फोन धरून बसून राहिले. तिकडे अंधार पडत असणार.

मग मला फोनवरून बाबांचा आवाज ऐकू आला. थकलेला, पण मायेचा.

"बस गं थोडी. पोरींचं अजून ठरत नाहीये."

ते ताईशी बोलत नव्हते.