घाव झेलणारं जाकीट

"ओल्या कॉर्नफ्लोरमध्ये बोट हळूच घाल, बुडतं. बुक्की मार, दगड! आपलं आघातकठीण कापड तसंच आहे, दादा." डॉ. मृण्मयी खांबेटेनं प्रयोगशाळेतल्या टेबलावर जाकिटाला सुरी टेकवून सावकाश दाबली. कापड निमूटपणे फाटलं. "हे गिऱ्हाइकांना सांगायला हवं."

"सावकाश कोण मारतं गं?" यशोधन हसला. तोही रसायनतज्ज्ञच, पण कंपनी काढल्यापासून डोक्यात नुसता बाजार. "जाकिटं सगळेच विकतात. आपलं वेगळं दिसलं पाहिजे. म्हणून तर पुढची चेनच काढून टाकली. डोक्यातून घालायचं, अंगाला घट्ट. तूही घाल, शोभेल."

संध्याकाळी हिंजवडीच्या भरल्या सभागृहात दोघं ती जाकिटं घालून मंचावर आली. लाठ्या, कोयते मांडलेले होते. "या, मारा!" यशोधन ओरडला. "फक्त डोकं सोडा!"

पहिल्यानं बिचकत लाठी टेकवली. दुसऱ्यानं जरा जोर केला. यशोधन हसतोच आहे हे पाहिल्यावर मात्र लोकांना चेव आला. लागतच नाही तर हात कशाला आवरायचा? कुणी बायकोचा, कुणी साहेबाचा राग त्याच्यावर काढत होता. मृण्मयीला किळस आली. "बस करा!" ती किंचाळली, तोच कुणीतरी त्याच्या छातीवर दणका घातला. कापड टिकलं, हादरा आत पोचला. यशोधन कोसळला.

नाडी लागेना. तिनं छाती जोरानं दाबली, आणि तळव्याखाली दगड! हळू दाबून थांबलेलं हृदय चालू होत नाही. घट्ट जाकीट अंगातून निघेना. आता कापायलाच हवं होतं, तेही सावकाश. तिनं पडलेला कोयता उचलला, गळ्याशी कॉलरखाली पातं सरकवलं आणि जिवाच्या आकांतानं, पण हळूहळू ओढू लागली.

दारातून धावत आलेल्या रखवालदारांना दिसलं ते एवढंच: मालक निपचित, आणि त्याच्या गळ्यावर कोयता. पहिली लाठी तिच्या दंडावर बसली. बाही दगड झाली, हात जागच्या जागी थिजला.

"मारू नका! हळू ओढा मला, हळू!"

बाही मऊ पडे, पातं जेमतेम बोटभर सरके, की पुढची लाठी बसे. ही बाई कोयता सोडत नाही म्हणून ते आणखी जोरात मारू लागले. यशोधनचे ओठ निळे पडले होते.

"दादा!" तिनं हंबरडा फोडला.

लोकांना तो खेळाचाच भाग वाटला. ते उभे राहून टाळ्या वाजवू लागले.