एक सोडून एक

सरका जवळ. हसायचं ते आत्ताच हसून घ्या, मध्ये कुणी खिदळायचं नाही. गोष्ट माझ्या जिवलग मित्राची आहे. त्यानं थाप मारली की त्याचे कान लाल होतात. ही सांगताना झाले नव्हते.

तो एका इस्पितळात अतिदक्षता विभागात ब्रदर, म्हणजे पुरुष नर्स, होता. जानेवारीतला सोमवार, पहाटेचे पाच, बाहेर मिट्ट काळोख. थर्मास घेऊन तो वहिनींना चहा द्यायला बाहेरच्या बाकाकडे गेला. आत त्याचाच थोरला भाऊ, घशात नळी, व्हेंटिलेटरवर होता. न्यूमोनियानं छातीची पार वाट लावली होती.

"भावजी, आज नळी काढणार ना? आज बोलतील ना हे?"

"काढणार, वहिनी. तुम्ही चहा घ्या आधी."

तिथं नळी काढण्याचा एक नियम होता. मशीनचा जोर कमी करून पेशंटला स्वतः श्वास घेऊ द्यायचा. मग डॉक्टर, ब्रदर आणि फिजिओ बाई, तिघांनी खाटेशी उभं राहून मत द्यायचं. एकानं जरी नाही म्हटलं, तरी नळी राहणार. आधीच्या महिन्यात याच खाटेवरच्या माणसाची नळी घाईनं काढली होती. तो गेला. नियम त्याच्यानंतर आला.

दादाची परीक्षा तासभर चालली. मशीनवरचे आकडे तर दृष्ट लागावी असे. डॉक्टर खूश. मित्रानं सवयीनं दादाच्या छातीवर हात ठेवला.

मशीननं श्वास मोजला. छाती वर आली.

मशीननं श्वास मोजला. छाती... हललीच नाही.

पुन्हा वर आली. पुन्हा नाही. एक सोडून एक.

मशीनच्या नळीत पाणी साचलं की मशीन फसतं. त्यानं पाणी काढलं, जोड तपासले. सगळं ठीक. तरी एक श्वास दादाचा... आणि एक...

"काय रे, हो ना?" डॉक्टरांनी विचारलं.

काचेबाहेर वहिनी उभ्या होत्या. त्याचा जीव तीळ तीळ तुटत होता. हो म्हणायला काय लागतं?

"नाही," तो म्हणाला. "निम्मे श्वास दादाचे नाहीत."

"झोप झाली नाही तुझी."

फिजिओ बाईंनी निमूट छातीवर हात ठेवला. चटका बसल्यासारखा काढून घेतला.

"माझंही नाहीच," एवढंच म्हणाल्या.

डॉक्टरांनी वाद घातला नाही. नियम त्यांनीच केला होता.

वहिनींनी भावजींशी बोलणं टाकलं. तिसऱ्या सकाळी मात्र सगळे श्वास दादाचे होते. नळी निघाली. घोगऱ्या आवाजात दादा बायकोला म्हणाला, "रडतेस काय, वेडे?" ते ऐकून हा पठ्ठ्याच ओक्साबोक्शी रडला.

संध्याकाळी दादाला वॉर्डात हलवलं. रात्री मित्रानं मशीन बंद केलं, प्लग काढला. मशीनची पारदर्शक नळी रिकाम्या खाटेच्या कठड्याला लोंबत होती, एक टोक मोकळं. तो दिवा घालवायला वळला...

नळीत आतून वाफ धरली.

विरली.

पुन्हा धरली.