भोपळूने गिळलेला आवाज

रोज नऊ-नऊ तास झोपणारा माणूस सकाळी दमलेला कसा असेल? अकरा वर्षांच्या अफरीनला हे कोडं काही केल्या सुटत नव्हतं.

तिचे दिलावरमामू मिरजेत तानपुरे बनवायचे. एकेकाळी हा माणूस सगळ्या गल्लीला हसवून सोडायचा! पण गेलं वर्षभर ते गप्प होते. ताट समोर तसंच राही, कामात मन लागत नसे. डॉक्टरांनी नैराश्याचं (मन सतत खचून राहण्याच्या आजाराचं) औषध दिलं, तरी फारसा फरक पडेना. शेवटी मामूंनी सांगून टाकलं, "सोमवारपासून कारखाना बंद. माझ्या हातून आता काही होणार नाही."

घराला लागूनच असलेल्या कारखान्यात भोपळू नावाचा गोल पोटाचा यंत्रमानव होता. तारा जुळवायला शांतता लागते. म्हणून नको असलेला आवाज आला, की हा पठ्ठ्या त्याच्या नेमका उलटा आवाज सोडून दोन्ही पुसून टाकी. यालाच घरात 'आवाज गिळणं' म्हणत. मामूंचं रात्रीचं घोरणं गिळायला त्याला अफरीननेच शिकवलं होतं. घोरतो तो गाढ झोपतो, असं घरात सगळ्यांचंच मत होतं.

रविवारी दुपारी मामू चटईवर आडवे झाले. भोपळूची आवाज गिळायची डबी अफरीनने पुसायला काढली होती, त्यामुळे मामूंचं घोरणं कारखानाभर घुमू लागलं. तिला हसू फुटलं. तेवढ्यात घोरणं थांबलं आणि श्वासाचाही आवाज येईना. तिने आकडे मोजले. तेवीस झाले, तेव्हा कुठे मामूंनी दचकून मोठा श्वास घेतला. थोड्या वेळाने पुन्हा तेच!

"भोपळू, मामूंचा श्वास थांबतोय रे!" ती भोपळूकडे धावली.

भोपळूने नीट ऐकलं. "अरेच्चा! हे सगळं मी रोज लक्ष न देताच गिळत होतो. हा स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास अडण्याचा आजार) असावा. खात्री मात्र डॉक्टरच करतील."

"पण नऊ तास झोपतात ना ते?"

"झोपतात कुठे? झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात. मामूंचे इतके सैल पडत असतील, की हवेची वाटच बंद होते. रक्तातला प्राणवायू कमी होतो. मग मेंदू घाबरून त्यांना क्षणभर जागं करतो आणि वाट उघडते. सकाळी त्यांना यातलं काही आठवत नाही. तुला कुणी तासात वीस-तीस वेळा गदागदा हलवलं तर?"

"मी तर रडेनच!"

"बघ! गाढ झोपेत मेंदू मनाची डागडुजी करतो. ती रोज अर्धवट राहिली, की थकवा आणि उदासी साचत जाते. प्रत्येक उदास माणसाचं कारण हेच असतं असं नाही हं. पण मामूंच्या औषधाच्या आड हे येत असेल."

मामू उठल्यावर अफरीनने एका दमात सगळं सांगितलं.

"म्हणजे मी आळशी झालो नव्हतो, बेटा? मला वाटायचं, मीच बिघडलोय. तुम्हा सगळ्यांना जड झालोय."

"काहीतरीच काय, मामू!" अफरीन त्यांच्या गळ्यातच पडली. तिला रडू आवरेना.

सोमवारी कारखान्याला कुलूप लागलं, पण ते दवाखान्यात जाण्यापुरतंच. झोपेची तपासणी झाली. भोपळूचा अंदाज खरा निघाला. डॉक्टरांनी मुठीएवढं यंत्र दिलं. ते लांब नळी जोडलेल्या नाकावरच्या मुखवट्यातून हवेचा हलका दाब देई आणि घशाची वाट उघडी ठेवी. नैराश्याचं औषधही चालूच ठेवायला सांगितलं. "हत्ती दिसतोय मी!" म्हणून मामूंनी पहिला आठवडा कुरकुर केली.

दोन महिने गेले. काही दिवस अजूनही जड जात. पण एके दिवशी मामू शेतावरून आले, ते काखेत भलामोठा हिरवा भोपळा घेऊन.

"हा कशाला?" अफरीनने विचारलं.

"तुझ्या तानपुऱ्याला. पण आधी चांगला वर्षभर वाळवायला हवा."

"वर्षभर?"

"मग! मी आहे की इथेच," मामू म्हणाले आणि भोपळा टांगायला दोरी शोधू लागले.