निवडून न येणाऱ्याला मत

दुबईच्या जबल अलीतल्या त्या कुरिअर ऑफिसचं शटर अर्धं खाली आलं होतं, तेव्हा रुहान वाकून आत शिरला. काउंटरमागे उमैमा होती. शारजात वाढलेली, मूळची दापोलीकडची, आणि सकाळी सातपासून उभी. पायांत नुसते गोळे आले होते.

"खलास, सिस्टीम बंद झाली," ती हिंदीत म्हणाली.

त्यानं तिच्या बॅजवरचं नाव वाचलं. "मुकादम… म्हणजे आपल्या कोकणातल्या? प्लीज, हे एकच पाकीट."

"काय आहे यात?"

"माझं मत. ओहायोला वेळेत पोचायला हवं."

तो तिकडेच जन्मलेला, अमेरिकेचा नागरिक. इथे एका गोदामात प्लॅनिंगला होता. तिनं उसासा टाकून सिस्टीम पुन्हा सुरू केली. "एवढी धावपळ? तुमचा माणूस जिंकणार असेल."

"नाही… हरणारच आहे."

उमैमानं पहिल्यांदा मान वर केली. त्याचेही डोळे तिच्याइतकेच दमलेले होते.

मग तो येतच राहिला. त्याच्या कंपनीची पार्सलं न्यायला कुरिअरची गाडी रोज जायची, तरी एखादं तो स्वतः घेऊन यायचा. तिला ते कळत होतं. बाहेरच्या बाकावर दहा मिनिटं करक, म्हणजे इथला कडक दुधाळ चहा व्हायचा. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, दोघांनाही कळलं नाही.

अमेरिकेत दोन मोठे पक्ष सोडून छोटे पक्षही असतात. त्यातल्या एकासाठी रुहाननं तीन उन्हाळे दुकानांबाहेर उभं राहून सह्या गोळा केल्या होत्या.

"मतपत्रिकेवर नाव यायलाच हजारो सह्या लागतात," तो म्हणाला. "यंदा कुणाचा पत्ता जुना, कुणाची सही जुळेना… निम्म्या बाद. मग उमेदवाराचं नाव मी मतपत्रिकेवर हातानं लिहून पाठवलं, तिकडे तसं चालतं."

"टीव्हीवरच्या डिबेटमध्ये तरी घेतात?"

"आधी ओपिनियन पोलमध्ये दिसायला हवं. आणि पोलमध्ये दिसायला टीव्हीवर यायला हवं."

ती हसली. तो नाही हसला.

"आमच्याकडे ज्याला जास्त मतं, सगळं त्याचंच. अब्बा म्हणतात, तुमच्यासारखे मतं फोडतात म्हणून नको तो निवडून येतो. मागच्या निवडणुकीपासून ते माझ्याशी धड बोलत नाहीत."

"त्यांचं चुकतंय?"

त्यानं कप बाकावर ठेवला. "कधी कधी बरोबर असतं. त्यानंच जास्त थकायला होतं."

त्या उत्तरानं उमैमाच्या आत काहीतरी हललं. तीही थकली होती. अम्मीनं दोन स्थळं आणली होती, एक अबू धाबीकडच्या रुवैसचा इंजिनिअर, दुसरा रत्नागिरीचा मावसभाऊ. रोज तोच प्रश्न, 'दोघांतला कोण?' रोज तिचं तेच, 'बघते'.

तिनं ते सांगितलं, तेव्हा रुहान हळूच म्हणाला, "तिसऱ्याला फॉर्म भरता येतो?"

"सह्या लागतील," ती नजर चुकवत म्हणाली. "पहिली अम्मीची."

पण तो घड्याळ बघून कामावर निघाला. हरायची सवय झालेला माणूस विचारायलाच घाबरतो, हे तिला उमगलं.

निकालाच्या सकाळी ऑफिस उघडायच्या आधीच तो बाकावर बसलेला होता.

"किती?" तिनं विचारलं.

"आमच्या काउंटीत, म्हणजे अख्ख्या जिल्ह्यात, चारशे बारा मतं." त्यानं डोळे चोळले. "तीन उन्हाळे, उमैमा."

ती त्याच्या शेजारी बसली. "काल मी अम्मीला सांगितलं… दोघांनाही नाही."

त्यानं चमकून पाहिलं. "मी अजून विचारलंही नव्हतं."

"माहीत आहे. तू विचारलं नसतंस, तरी नाहीच म्हणाले असते."

रस्त्यावरून कंपनीच्या बसेस एकामागून एक जात होत्या. तो तिच्याकडे वळला. "मग… आता विचारू?"

"शुक्रवारी घरी येऊन विचार. सगळ्यांसमोर. सुरुवातीला तू कोणालाच आवडणार नाहीस हं."

"त्याची सवय आहे मला."

ती हसली. बाकावर टेकलेल्या तिच्या करंगळीला त्याची करंगळी लागली, आणि तिनं हात काढून घेतला नाही. त्या दिवशी ऑफिस दहा मिनिटं उशिरा उघडलं.