आत्ता नको

"डोकं आणलंय का?" तिने मान वर न करताच विचारलं.

दारातून एक हसरा आवाज — "आणलंय... पण कितपत चालतं, ते घरच्यांना विचारावं लागेल."

तिने वर पाहिलं आणि ब्रश हातातच राहिला. डोकं निखळलेली बाहुली घेऊन येणारं गिऱ्हाईक नव्हतंच ते! मेल सर्व्हर नीट करायला आत्याने बोलावलेला माणूस होता. आणि त्याचे डोळे? असा तपकिरी रंग तिला आजवर एकाही बाहुलीत जमला नव्हता.

बाहुल्या दुरुस्त करायचा कारखाना आत्याचा. डोळे रंगवायचं काम भाचीचं. लांबलांबची माणसं आधी मेल पाठवत, मग बाहुली. पण हल्ली निम्म्या मेल स्पॅमच्या कचऱ्यात जात होत्या. गिऱ्हाइकं रुसत होती आणि आत्याचा पारा चढत होता.

त्याने कचऱ्याची पेटी उघडून वाचलं, "'राणीचा हात उपटलाय, डोळा लोंबतोय, तातडीने खर्च कळवा.' सर्व्हर बिचारा घाबरणार नाही तर काय!"

"अहो, राणी म्हणजे बाहुली!"

"त्याला कोण सांगणार? तो शब्द बघतो, भाव नाही."

ती खळखळून हसली. बऱ्याच दिवसांनी.

जुना सर्व्हर सगळ्या मेल एकाच मोठ्या फायलीत कोंबायचा. आत्याने ती उघडली की हिने ताटकळत बसायचं. त्याने ठरवलं, प्रत्येक मेलची फाईल वेगळी.

"आमच्या खणांसारखं," ती म्हणाली. "एकेका बाहुलीला एकेक खण."

"अगदी तस्सं!" तो इतक्या आनंदाने म्हणाला की ती उगाचच लाजली.

"आणि कचरा कसा ओळखणार?"

"अनोळखी माणसाची पहिली मेल आली, की सर्व्हर म्हणेल — आत्ता नको, थोड्या वेळाने पाठवा. कचरा टाकणाऱ्यांना कुठला एवढा दम? ते पुन्हा फिरकत नाहीत. खऱ्या माणसाचा सर्व्हर परत पाठवतो. आणि एकदा ओळख पटली, की पुढे अडवणं नाही."

"आणि खऱ्या माणसाचाच सर्व्हर रुसून बसला तर?"

"'नको' आणि 'आत्ता नको' यातला फरक कळत नसेल..." तो तिच्याकडे बघून हसला, "तर त्याची सेटिंग चुकलीये."

तो रोज यायचा. ती रोज केस जरा नीट बांधायची. आत्या बघायची आणि गालातल्या गालात हसायची. काम संपत आलं तशी मात्र ती दिवस मोजायला लागली. हा गेला की गेलाच! शेवटी तिने धीर केला.

"कोपऱ्यावर... कॉफी घ्यायची का?"

"आत्ता नको," तो म्हणाला. स्क्रीनवरची नजरही न हलवता.

झालं! तिचे कान तापले. काय हा आगाऊपणा केला आपण! त्यानंतर ती कामापुरतंच बोलली. त्याने दोनदा मान वळवून काहीतरी बोलायला तोंड उघडलं. पण तिने चेहरा बाहुलीत खुपसला होता.

जाताना तो दारात रेंगाळला. "काही अडलं तर... बोलवा."

"आत्या बोलवेल," ती म्हणाली.

नवा सर्व्हर झकास चालला. ही मात्र चालेना.

"बयो," आत्या एके दुपारी म्हणाली, "ही आणखी एक रडकी बाहुली. पोरं दचकतील गं!"

तेवढ्यात फोन वाजला. एक गिऱ्हाईक चांगलंच तापलं होतं. "तुमच्याकडे माझी मेल अडवलीये म्हणे! आम्ही काय चोर आहोत?"

"नाही हो काका, नकार नाहीये तो. फक्त 'आत्ता नको' म्हटलंय. येईल तुमची मेल. खरं माणूस असलं की ते परत..."

तिची जीभ अडखळली.

"परत काय?"

"परत विचारतं, काका," ती हळूच म्हणाली आणि फोन ठेवला.

"अगं, निघालीस कुठे?"

"सेटिंग दुरुस्त करायला!"

"कुणाची?"

"माझी!"

पुढच्या गल्लीत जिना चढून वर त्याची खोली. वायरींच्या गुंत्यात तो एकटाच बसला होता. तिने धापा टाकतच विचारलं, "कॉफी घ्यायची का? दुसऱ्यांदा विचारतेय. तिसऱ्यांदा नाही विचारणार."

तो इतक्या घाईने उठला की खुर्चीच आडवी झाली.

"त्या दिवशी निम्म्या मेल जुन्या सर्व्हरवर, निम्म्या नव्यावर होत्या हो! तेव्हा उठलो असतो तर आत्यांनी माझंच डोकं खणात ठेवलं असतं. काम उरकून वळलो, तर तुम्ही गप्प. मला वाटलं... विषय संपला."

"म्हणजे तुमचीही सेटिंग चुकलेली!"

"साफ चुकलेली." तो हसला, मग गंभीर झाला. "आवडतेस तू मला. डोकं मागितलंस ना... तेव्हापासून."

त्याच्या बाहीला चिकटलेला वायरीचा तुकडा तिने काढला आणि बाही सोडायची विसरली.

जिना उतरताना त्याने विचारलं, "उद्या... येऊ का कारखान्यात?"

"विचारतोस काय?" ती म्हणाली. "ओळख पटलीये आता. सरळ आत यायचं."